वहीतला चौथा रकाना

आमच्या घरी इंग्रजी कागद आला की बाबा तो दोन माणसांकडून वाचून घेत. ती दोन माणसं एकमेकांना ओळखणारी नसली पाहिजेत, अशी त्यांची अट होती. घोडपदेवच्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर घाडीकाका राहायचे. ते गोदीत कामाला होते, तिथल्या कारकुनांत वावरून त्यांना थोडंफार इंग्रजी वाचता यायचं. कागद आधी त्यांच्याकडे जाई. मग तोच कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून बाबा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत जात. तिथे एक गोवेकर कारकून होता, त्याच्यासमोर काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा करून कागद धरत. दोघांनी सांगितलेला मजकूर जुळला तर घरी येऊन आईला म्हणत, "खरा आसा." नाही जुळला तर कागद देवाच्या फळीखाली पालथा पडून राही. पालथा म्हणजे अक्षरं खाली. अक्षरं वर ठेवलेली त्यांना चालत नसत. का चालत नसत ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

हा संशय काही उगाच नव्हता. मी अगदी लहान असताना गिरणीत एक संप झाला होता. संप मिटल्यावर कामावर परत घेताना खात्यातल्या साहेबाने प्रत्येकाच्या पुढे एक टाइप केलेला इंग्रजी कागद ठेवला. हजेरीचा आहे, सही करा, असं सांगितलं. बाबांना मोडीत सही करता येत असे आणि त्या सहीचा त्यांना अभिमान होता. त्यांनी ती ऐटीत केली. नंतर कळलं की तो कबुलीजबाब होता. मी लोकांना भडकवलं, माझी चूक झाली, असं काहीसं त्यात होतं. त्या सहीमुळे बाबांची कायमची नोकरी गेली आणि पुढची कितीतरी वर्षं ते बदली कामगार म्हणून पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहत होते. त्यानंतर "ज्या कागदार इंग्रजी, त्या कागदार घात," हे वाक्य आमच्या घरात मीठमिरचीसारखं रोजच्या वापरातलं झालं.

अशा माणसाची मी मुलगी, आणि शाळेत माझा सगळ्यात आवडता विषय इंग्रजी. आम्हाला ते आठवीपासून होतं. अकरावीत येईपर्यंत मला ते इतकं येऊ लागलं की बाबांनी नाइलाजाने मला तिसरी वाचक म्हणून नेमलं. "तिगांचा जुळला तर मगे काय भीती नाय," असं ते म्हणाले खरे, पण मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. मुलगी काही लपवते आहे का, हे त्यांना बघायचं असे. मला त्याचा भयंकर राग यायचा. आता वाटतं, माणूस ओळखण्यात ते फारसे चुकत नव्हते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या चाळीत तेव्हा दुसरा विषयच नव्हता. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात गॅलरीत बैठक भरायची, खालून बांगडे भाजल्याचा वास वर यायचा, वखारीतल्या करवतींचा आवाज संध्याकाळपर्यंत थांबत नसे, आणि त्या सगळ्यात मी मोठ्याने पेपर वाचायचे. बायका तांदूळ निवडत ऐकायच्या, पुरुष विड्या ओढत. कमिशन, फॉर्म्युला, द्वैभाषिक, असले शब्द आले की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. दिल्लीत कुणीतरी नकाशा पुढ्यात घेऊन बसलंय आणि कोण कुठली भाषा बोलतं त्यावरून रेघ मारतंय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे तुमच्या घरात काय बोलता, हा साधा प्रश्नसुद्धा त्या वर्षी साधा राहिला नव्हता. शेजारच्या गल्लीत कुणी परका माणूस दिसला की तो जनगणनेचा, की पोलिसांचा, की आणखी कुणाचा, याची चर्चा दोन दिवस चाले.

आम्हाला इंग्रजी शिकवायला विजयकर सर होते. दादरला राहायचे, जुन्या मुंबईकर घराण्यातले, पांढरा कोट, पांढरी पँट, आणि मराठी असं की आम्हा मुलींना ऐकताना उगाच आपली वेणी नीट आहे ना असं वाटावं. त्यांच्या घरात तीन पिढ्या सरकारी कचेरीत होत्या असं म्हणत. शाळेत त्यांच्याबद्दल कुजबुज सुरू झाली ती एका नकाशावरून. सरांनी वर्गात भाषांचा एक नकाशा टांगला, स्वतः रंगवलेला. मराठीला केशरी, गुजरातीला हिरवा, कानडीला पिवळा, असं सगळं ठीक होतं. पण मुंबईवर कुठलाच एक रंग नव्हता, सगळ्या रंगांच्या बारीक रेघा एकमेकींत मारलेल्या होत्या. मुली खवळल्या. माझ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, मुंबई केशरी पाहिजे." सर म्हणाले, "राज्य केशरीच होवो, मलाही तेच हवंय. पण मी भाषा रंगवलीय, राज्य नाही. भाषा रेघेच्या आत बसत नाही." हे शेवटचं वाक्य शाळेबाहेर पडेपर्यंत त्याचं 'मुंबई महाराष्ट्राची नाही, असं विजयकर म्हणतात' असं झालं होतं. चार दिवसांनी हेडमास्तरांनी नकाशा काढायला लावला.

सरांचं खरं वेड वेगळंच होतं. इंग्रजी ही साहेबाची खासगी मालमत्ता आहे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. ते म्हणत, ही भाषा बंदराबंदरातून उचलेगिरी करत मोठी झाली. वेस्ट इंडीजमधला माणूस ती वेगळी बोलतो, ऑस्ट्रेलियातला वेगळी, आफ्रिकेत तिचं अजून काही तिसरंच होतंय, आणि परळमध्ये तिचं काय झालंय ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मग त्यांनी आम्हाला काम दिलं. आपापल्या घरी, चाळीत जा, गिरणीत, गोदीत, बोटीवर, रेल्वेत काम करणाऱ्या माणसांच्या तोंडी जे इंग्रजी शब्द बसलेत ते गोळा करा. एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द, जसा ऐकला तसा. दुसऱ्यात मूळ इंग्रजी. तिसऱ्यात तो कुठून आला, गिरणीतून की गोदीतून की स्वयंपाकघरातून.

बाकीच्या मुलींनी पाच-पंचवीस शब्द लिहून वही मिटली. मी दोन महिने चाळ पिंजून काढली. इंजान, बायलर, टेसन, हापीस, लाटसाहेब, बाटली, पलटण. बोटीवर काम केलेला एक म्हातारा मला चहा पाजून शब्द द्यायचा. समोरच्या खोलीतली पार्वतीवहिनी तर धुणं धुताना मधेच हाक मारायची, "शाले, ह्यो घे आणखी एक, आमच्या ह्यांनी सांगितलान." तिचा नवरा गोपाळदादा रेल्वेच्या कारखान्यात होता आणि चळवळीत पुढे होता. मी सगळं टिपून घ्यायचे. आणि इथे मी स्वतःचं डोकं चालवलं. मला वाटलं, शब्द कुणाकडून मिळाला ते नको का लिहायला? म्हणून मी चौथा रकाना आखला. त्यात नाव. चाळीत एका नावाची तीन माणसं असतात, म्हणून नावापुढे खोली नंबर. आणि तो माणूस कुठे कामाला, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला, तेही. लाल शाईने. वही इतकी देखणी दिसू लागली की मी ती झोपताना उशाशी घ्यायचे.

एका रविवारी सर स्वतः आमच्या चाळीत आले. गिरणीतले शब्द प्रत्यक्ष ऐकायचे होते त्यांना. पांढऱ्या कोटातला माणूस जिना चढून वर येतोय म्हटल्यावर सगळ्या खोल्यांची दारं एकेक करून उघडली आणि उघडीच राहिली. आईने पितळेच्या पेल्यात चहा दिला. बाबा समोर मांडी घालून बसले, पण पाठ अशी ताठ की जणू साहेबाने बोलावून घेतलंय.

सरांनी विचारलं, "तुमच्या खात्याला काय म्हणता तुम्ही?"

बाबांनी आधी उघड्या दारांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमका ह्या कित्याक होया?"

"असंच. शब्दांचा अभ्यास म्हणून."

"अभ्यास." बाबांनी तो शब्द नाणं वाजवून बघावं तसा उच्चारला. "त्रासन खाता. लय त्रास म्हणान त्रासन."

सर इतके खूश झाले की पेल्यातला चहा सांडला. त्यांनी सांगितलं की मूळ शब्द थ्रॉसल, आणि तो विलायतेतल्या एका गाणाऱ्या पाखराचं नाव आहे. सूत कातणारं ते यंत्र पहिल्यांदा फिरलं तेव्हा पाखरासारखं गुणगुणलं, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला ते नाव दिलं. "म्हणजे तुम्ही आयुष्यभर पाखराच्या खात्यात काम केलंत," सर म्हणाले. बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पाखरू कानात असा आरडणा नाय." मग सरांनी त्यांना खूश करायला उलट्या बाजूची गोष्ट सांगितली. इंग्रजीत मुंगसाला मंगूझ म्हणतात, तो शब्द साहेबाने आपल्या मराठीतून घेतला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "आमचा मुंगूस पण नेल्यानी?"

जाताना सरांनी माझी वही उघडली. पानं उलटत गेले, खूश होते. चौथ्या रकान्यावर थांबले. "हे नाव-खोली कशाला? शब्दाला घर नंबर नसतो. दिवस बरे नाहीत, शालिनी. हा रकाना खोडून टाक." मी हो म्हटलं, आई तेव्हा शेजारी पेले उचलत होती. रात्री दौत घेऊन बसलेही. पण त्या लाल शाईच्या ओळीवर काळी फुली मारायचा धीर झाला नाही. देखणी वही विद्रूप करायचं माझ्या जिवावर आलं. उद्या करू म्हटलं. त्या काळात मी उद्यावर टाकलेली ही एकच गोष्ट नव्हती, पण बाकीच्या कुठल्याच गोष्टीने कुणाचं काही बिघडलं नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी, पहिली पाळी सुटून माणसं जेवायला बसली असताना, पोलीस आले. इकडेतिकडे विचारलं नाही, थेट जिना चढले. सतरा नंबर, एकवीस, तेहतीस. तीन खोल्या, तीन माणसं. गोपाळदादाला तर हात धुवायलाही दिलं नाही, उष्ट्या हाताने नेलं. पार्वतीवहिनी गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. गाडी गेल्यावर चाळ इतकी शांत झाली की वखारीतली करवत आमच्या खोलीत असल्यासारखी ऐकू आली. मग कुणीतरी बोललं, ह्यांना खोल्या कशा ठाऊक?

दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला बसले तर कुणी समोर येऊन बसलं नाही. तिसऱ्या दिवशी घाडीकाकांनी पेपर माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "राहू दे बाय, आज मी वाचतो." नळावर माझी कळशी लागली की पुढच्या बाया आपली भांडी बाजूला ओढायच्या. बोटीवरच्या म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. मला तोपर्यंत काही कळलं नव्हतं. कळलं ते पार्वतीवहिनी समोर येऊन उभी राहिली तेव्हा. ती ओरडली नाही. म्हणाली, "शाले, तुझ्या त्या वहीत आमचा खोली नंबर आसा मां?"

आज सांगायला हरकत नाही. पोलिसांना माझ्या वहीची काडीचीही गरज नव्हती. रेशनच्या कचेरीत सगळ्या चाळीची नावं आणि खोल्या होत्याच, आणि गोपाळदादा मोर्चाच्या पहिल्या रांगेत चालायचा. माझी वही चाळ आणि शाळा सोडून कुठे गेलीच नव्हती. पण हे शहाणपण त्या आठवड्यात चाळीत कुणालाच सुचलं नाही, आणि मी बोलले असते तरी कुणी ऐकलं नसतं. आता माझी नात ठाण्याच्या घरात तिच्या बापाशी इंग्रजीतच भांडते, मोबाइलमध्ये सगळं जग आपण होऊन नाव-पत्ता भरत असतं, आणि तिला हे प्रकरण सांगितलं तर ती म्हणते, "आजी, पण त्यात एवढं काय होतं?" तिला काय सांगणार, एवढंच होतं आणि सगळंच होतं.

रविवारी सकाळी चाळीची बैठक भरली. मधे घाडीकाका बसले होते, बाजूला बाबा, आणि बाबा खाली मान घालून बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. बाजूने बायका. माझी वही घाडीकाकांच्या मांडीवर. त्यांनी ती पानापानाने वाचली. शब्द वाचताना कुणाला हसू आलं नाही. मग ते चौथ्या रकान्याशी आले आणि मोठ्याने वाचायला लागले. नाव, खोली, खातं, पाळी. नाव, खोली, खातं, पाळी. माझ्याच अक्षरातली ती यादी त्यांच्या आवाजात ऐकताना मलाही ती पोलिसांची वाटायला लागली. चाळीतून आमचं बिऱ्हाड उठवायचं का, असं मागून कुणीतरी हळू म्हणालं, पण ऐकू येईल इतकं हळू. बाबांनी मान वर केली नाही.

घाडीकाकांनी वही मिटली. "पोरीचा यात काय दोष असंल असं मला वाटत नाय," ते म्हणाले. "पण हे कुणीतरी सांगितल्याशिवाय असं पद्धतशीर सुचत नाय. शालिनी, नावं, खोल्या लिव्हायला कुणी सांगितलं?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी तेव्हाच नेमकी मान वर केली होती आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "सरांनी."

एका क्षणात सगळं सैल झालं. बायकांनी श्वास सोडला. दोघातिघांनी 'मी म्हटलं नव्हतं का' सुरू केलं. तो नकाशा, तो पांढरा कोट, सरकारी कचेरीतलं घराणं, रविवारी येऊन बसणं, सगळं एकात एक जुळत गेलं. बाबा उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या चेडवाक फसवल्यान." त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

सोमवारी घाडीकाका, बाबा आणि चाळीतले आणखी दोघं शाळेत गेले. मलाही नेलं. हेडमास्तरांच्या खोलीत सरांना बोलावलं. घाडीकाकांनी वही उघडून समोर धरली आणि तोच प्रश्न विचारला. सरांनी चौथा रकाना पाहिला. एकही फुली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, वर्गात स्पेलिंग चुकल्यावर बघत तेवढंच. मी खाली फरशीकडे बघत होते. पुढचं एक वाक्य ते बोलले असते तर मी संपले असते. शाळेतून, चाळीतून, बाबांच्या डोळ्यांतून.

सर म्हणाले, "हो. मीच सांगितलं होतं. पद्धत म्हणून. चूक माझी आहे."

त्या आठवड्यात सर शाळा सोडून गेले. राजीनामा दिला, की घेतला, की दोन्ही, हे आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. दादरला ते राहत होते त्या इमारतीवर रात्रीत कुणीतरी डांबराने काहीतरी लिहिलं, असं ऐकलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मी मॅट्रिकला इंग्रजीत चांगल्या मार्कांनी पास झाले, त्या इंग्रजीवर एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तेच इंग्रजी खाल्लं. घरात, ऑफिसात, लग्नानंतर सासरीसुद्धा मी ही गोष्ट अनेकदा सांगितली, आमच्या शाळेत एक असे संशयास्पद मास्तर होते, अशी. लोक ऐकून घेत, चुकचुकत, आणि मला बरं वाटे. इतकी वर्षं बरं वाटत राहिलं, याची आता लाज वाटते.

त्या सोमवारी आम्ही शाळेतून परत आलो तेव्हा चाळीतल्या बायका दारात उभ्या होत्या. पार्वतीवहिनीने मला जवळ घेतलं, तिच्या नवऱ्याचा अजून पत्ता नसताना. बाबा दुपारच्या पाळीला गेले. मी आत आले तर आई मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होती. तिला मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, कागदाचं तिला काहीच सोयरसुतक नव्हतं. बैठकीला ती आली नव्हती, भात करपेल म्हणून. तिने मान वर न करता विचारलं, "नावां लिवूक सरांनीच सांगल्यानी काय गो?"

मी म्हटलं, "हो."

तिचा हात थांबला. मग तिने दुसरा बांगडा घेतला, पोट चिरलं, पाण्याखाली धरला आणि म्हणाली, "बरां." त्यानंतर पुढची सत्तावीस वर्षं ती होती. तिने तो प्रश्न मला परत कधी विचारला नाही, आणि माझ्या तोंडून ती गोष्ट कुणी ऐकत असलं की ती उठून आत जायची.